थेंबभर पाणी आणि एक कुसळ

"मग माझं चुकलं कुठं, सर? तेवढंच सांगा."

ढमढेरे सर अंगणात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे तिच्यापुढं धरले.

"आधी खा. एवढा माळ तुडवत आलीयेस."

"मला नकोत शेंगा."

"बरं." सरांनी दाणे आपल्याच तोंडात टाकले.

सुलक्षणा घारे म्हणजे तालुक्याच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई. विद्यापीठाचं सुवर्णपदक गाठीला, त्यामुळं नाक थोडं वर असायचं, ते खोटं कशाला बोला? पण पोरांवर तिचा जीव होता, हेही तितकंच खरं. ढमढेरे सर तिचेच जुने सर. याच शाळेत, याच विषयाला. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर माळाच्या कडेला येऊन राहिले होते. अडलं की ती इथं यायची. पण चुकलंय हे कबूल करायला आजवर कधी आली नव्हती, आणि आजही तशी आलीच नव्हती. सरांनी 'तुझं काही चुकलं नाही' म्हणावं, एवढ्यासाठी आली होती.

"पुन्हा सांग," सर म्हणाले. "पण सगळं नको. त्या पोरीनं काय विचारलं, तेवढंच."

"चांगुणा नाव तिचं. ठाकरवाडीची, आठवीतली. जूनपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मूठभर कुसळं घेऊन आली. म्हणाली, बाई, हे गवत तर मेलंय, मग वल्लं केलं की फिरतंय कशापायी?"

"वा!"

"मीही 'वा!'च म्हणाले हो, सर! पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. निसर्गातली एखादी घटना घ्या आणि तिच्यावरून शिकवा, हेच तर प्रशिक्षणात कानीकपाळी ओरडून सांगतात. आख्खा तास त्या कुसळावर घेतला. फळा भरून आकृती काढली. पेशींच्या भिंती, त्यांचे थर, ते पाणी कसं शोषतात, पीळ कसा सुटतो, त्या पिळानं बी मातीत कसं शिरतं... काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही."

"बरोबर सांगितलंस?"

"शंभर टक्के."

"मग?"

"मग तिला म्हटलं, चांगुणा, आता सुबक आकृती काढ आणि भागांना नावं दे."

"काढली?"

"काढली. चांगली काढली. मी शाबासकीसुद्धा दिली..." सुलक्षणा थांबली. "त्यानंतर पोरगी पुन्हा बोलली नाही. आणि आता शाळेतच येत नाही. तिचा बाप येऊन गेला. पोरगी नको म्हणती, शेळ्यांमागं जाईन म्हणती, म्हणाला. उद्या दाखला न्यायला येतोय."

सरांनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

"आख्ख्या वर्गात एकाच पोरीनं प्रश्न विचारला हो, सर. आणि तीच चाललीय."

सरांनी मांडीवरची टरफलं गोळा केली आणि सुपात टाकली.

"तिनं आणलेली कुसळं कुठायत?"

"अं?"

"मूठभर आणली होती म्हणालीस."

"टेबलावर होती... शिपायानं झाडून नेली असतील."

"फिरली का गं ती?"

"कशी फिरतील? ओली कुठं केली होती..."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिनं जीभ चावली.

"तू कधी पाहिलंयस? फिरताना?"

सुलक्षणानं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"सुलू?"

"आकृती पाहिलीय," ती म्हणाली. आपलंच बोलणं आपल्या कानावर पडलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सुवर्णपदक मिळवलेल्या बाई, पण त्या क्षणी भुईनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते उठले, गुडघ्यावर हात टेकून तिच्यापुढं खाली बसले. गुडघा कटकन वाजला.

"अहो सर, हे काय!" तिनं पाय मागं घेतले.

"हलू नकोस."

माळावरून येताना तिच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती. सरांनी त्यांतलं एक हळूच सोडवलं. तिचा हात हातात घेतला, तळवा उघडला आणि कुसळ त्यावर ठेवलं. मग बाजेखालच्या तांब्यात बोट बुडवून एक थेंब त्यावर सोडला.

काही झालं नाही.

"सर, यात असं असतं की आतल्या थराला पाणी..."

"शू..."

अंगणात कोंबडी फिरत होती, तिच्या पायांचा आवाज ऐकू येत होता.

आणि कुसळ हललं.

"अगं बाई!"

सुलक्षणानं हात झटकलाच असता, पण सरांनी मनगट धरून ठेवलं होतं. ते वाळकं, मेलेलं काटकीएवढं गवत तिच्या तळव्यावर आपलं आपण वळत होतं. टोक हळूहळू गोल फिरलं, अंगठ्याला टेकलं, अडखळलं आणि पुन्हा निघालं.

"सर! सर, बघा ना! गुदगुल्या होतायत!" तिनं दुसऱ्या हातानं त्यांची बाही ओढली. "अहो, इकडं बघा, वळतंय!"

"अरे, खरंच की!" सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोकं तिच्या डोक्याला लावलं. "आता थांबलं बघ. आता काय करील गं?"

"थांबा, थांबा, परत फिरेल. फिरलं! आई गं, कसलं गोड आहे हे!"

तीही सरकून खाली आली आणि दोघंही तिथंच मातीत बसून हसली. तिची साडी मळली, तिकडं तिचं लक्षही गेलं नाही.

मग कुसळ थांबलं. सरांनी मान वर करून उन्हाकडं पाहिलं.

"ठाकरवाडीची वाट याच माळावरून जाते. दिवस अजून बराच आहे."

"जाते मी." ती लगेच म्हणाली, पण उठली नाही. तळव्यावरच्या त्या कुसळाकडं बघत राहिली. "पण सर, जाऊन तिच्याशी काय बोलू? सगळं तर सांगून बसलेय मी. आता मला काही माहीत नाही, असं सोंग आणू का?"

"छे! भलतंच. पोरं लगेच ओळखतात सोंग."

"मी कुठं ओळखलं होतं?"

हे तिच्या तोंडून कसं निघालं, तिलाच कळलं नाही.

सर बाजेचा पाय धरून उठता उठता थांबले.

चष्मा कपाळावर, भुवया उंच गेलेल्या, तोंड अर्धवट उघडं. सरांचा आत्ताचा हा चेहरा तिनं आधी पाहिला होता. ती आठवीत असताना. शाळेच्या नळाजवळ कण्हेरीचं झाड होतं. त्याच्या एका पानाखाली तिला चकचकीत, चांदीचा वाटावा असा थेंब लटकलेला दिसला होता. ती धावत जाऊन सरांना हाताला धरून घेऊन आली होती. सर असेच मातीत बसले होते, असाच चष्मा वर चढवून म्हणाले होते, "अरे बापरे! हे कुणी टांगलं इथं?" मग रोज मधल्या सुट्टीत दोघंही जाऊन बघायची, एके सकाळी त्यातून फुलपाखरू निघेपर्यंत.

सरांना जे ठाऊक नव्हतं ते मी दाखवलं! या एका गोष्टीवर ती पुढं सगळं शिकली होती. सुवर्णपदकाच्या दिवशीही तिला आठवली होती ती कण्हेरच.

"सर..."

"हं."

"कण्हेरीवरचा तो कोश. आठवतो?"

"न आठवायला काय झालं?"

"खरं सांगा हं. तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं ना, ते काय आहे?"

"होतं की."

तिचे डोळे भरून आले. एवढी मोठी बाई, पण आठवीतल्या पोरीसारखा तिचा ओठ थरथरला.

"म्हणजे ते 'अरे बापरे' खोटंच होतं."

"खोटं कशानं?" सरांना खरंच नवल वाटलं. त्यांनी पुन्हा तांब्यात बोट बुडवलं आणि तिच्या तळव्यावर एक थेंब सोडला. "कोश मी पुष्कळ पाहिले होते, सुलू... पण तुझ्याबरोबर कुठं पाहिला होता?"