नकाशातली प्रदक्षिणा

एका संस्थानात दिवाणजींना आपल्या घोड्यांच्या पागेसाठी गावच्या जुन्या पाराची जागा हवी होती. पारावरचा पिंपळ फार मागे वादळात पडला होता, पारही ढासळून मातीला मिळाला होता, आणि गावातल्या भिवराकाकूंना तिथं नवं रोप लावायचं होतं.

दिवाणजींनी राजेसाहेबांपुढं नकाशा पसरला. "पाहा सरकार, जागा मोकळी! पिंपळ इथं कधी नव्हताच. बायकांचं काय ऐकता?"

काकूंनी पदर सावरत नकाशा न्याहाळला. "दिवाणजी, नकाशा अगदी बरोबर ना?"

"रेघन् रेघ! मी स्वतः उभं राहून मोजणी करवली."

"मग ही पायवाट नदीवरून सरळ येते, मोकळ्या जागेभोवती पूर्ण गोल फिरते आणि मगच गावात शिरते. अहो, रिकाम्या जागेला प्रदक्षिणा कोण घालतं?"

राजेसाहेब खदखदून हसले. श्रावणातल्या शनिवारी रोप लागलं. पहिली प्रदक्षिणा त्यांनी दिवाणजींनाच घालायला लावली. नकाशा खोटा पडायला नको!