अस्सल आवाज

उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीगावात जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचणाऱ्यांचा क्लब होता. मूळ गाण्याची चोरून छापलेली नकली तबकडी वाजवणाऱ्या डीजेला तिथे पुन्हा थारा नसे. एका शनिवारी डीजे डोरीनने मोठ्या कष्टाने मिळवलेली दुर्मीळ तबकडी लावली, तसा सारा हॉल नाचू लागला. तोच तबकड्यांचे बडे संग्राहक क्लेगसाहेब तरातरा मंचावर चढले.

"बंद करा! ही नकली आहे. अस्सल तबकडी फक्त माझ्याकडे आहे आणि तिचा आवाज याहून कितीतरी गोड आहे!"

डोरीनने शांतपणे विचारलं, "फार जपली असेल ना तुम्ही?"

"म्हणजे काय! आजवर तिला सुईसुद्धा लागू दिली नाही."

"मग साहेब, ती गोड वाजते हे तुम्हाला कळलं कसं?"

हॉल हसण्याने दणाणला. क्लेगसाहेब मंचावरून खाली उतरले आणि डोरीनने तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.