चार इंच की सहा

"चार इंच की सहा, बुवा?"

"कोण वाढतंय?"

"जीप, बुवा. जीप उंच करायचीय."

भैरवगिरी बुवा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. ते फोडतच राहिले.

संन्यास घेण्याआधी बुवा पलटणीत होते. बर्फातल्या घाटांत त्यांनी गाड्या चालवल्या होत्या, आणि बंद पडल्या की रस्त्यातच खोलून पुन्हा जोडल्या होत्या. भगवी वस्त्रं आली तरी गाडीचा आवाज ऐकून ते अजून मान वळवत.

धैर्यशील खालच्या गावच्या पाटलांचा मुलगा. दगडधोंड्यांतून, चिखलातून गाड्या काढण्याच्या स्पर्धा असतात, त्यांत तो पहिला यायचा. आपली फोर-बाय-फोर जीप त्यानं मठाला वाहिली होती आणि बुवांचा शिष्य म्हणून तीच चालवत होता. कुणी विचारलं, तर आधी जीपविषयी सांगे, मग बुवांविषयी.

फणसाखाली चार नवेकोरे टायर ठेवले होते. एकतीस इंची. जुन्यांपेक्षा चांगले उंच आणि रुंद.

"माझ्या मित्रांनी सहा इंच केलंय," धैर्यशील म्हणाला. "उंटासारख्या दिसतात गाड्या. मी म्हटलं, मठाची गाडी आहे, जरा साधेपणा हवा. चार करू."

"मोठा त्याग केलास," बुवा म्हणाले.

धैर्यशील हसला नाही. त्याला आज हसायचं नव्हतं.

मठाच्या वर, डोंगराच्या पाठीवर, खळ्याचा धनगरवाडा होता. तिथं जाणारी वाट एक, आणि त्या वाटेनं चढणारी गाडीही एकच. हीच जीप. वाड्यावरच्या सोनाबाई झोरेचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. तिला तपासणीसाठी खाली आणताना नाळेतल्या, दोन कड्यांमधल्या अरुंद वाटेत जीप दगडावर टेकली आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. शेवटी धनगरांनी सोनाबाईला घोंगड्याच्या झोळीतून खाली नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "बाळ आडवं आहे. कळा सुरू झाल्या की लगेच आणा. आणि परत झोळीतून नको."

सोनाबाई खाली येऊन राहायला तयार नव्हती. नवरा मेंढरं घेऊन दूर गेलेला, घरी सासू एकटी.

म्हणजे जीप चढलीच पाहिजे होती.

"नाळेत काय टेकलं होतं?" बुवांनी विचारलं.

"पोट."

"पोट म्हणजे?"

"मागच्या दोन चाकांच्या मधला गोळा. डिफरन्शियल."

"किती अडला?"

"जेमतेम. बोटभर दगड लागला."

"मग सहा इंच लिफ्ट केलीस, तर तो गोळा किती वर जाईल?"

हे धैर्यशीलला ठाऊक होतं. स्पर्धेतल्या नवख्या पोरांना तो स्वतः हे शिकवायचा. पण आपल्या गाडीच्या बाबतीत ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"...काहीच नाही. स्प्रिंगचे पाटे उंच केले की वरची बॉडी उचलते. गोळा चाकांच्या दांड्यात असतो, तो तिथंच राहतो."

"मग तो कशानं वर जाईल?"

"टायरनं. नव्या टायरनं दीड इंच जाईल."

"दगड?"

"बोटभर."

"मग सुटला."

"पण बुवा, मोठा टायर बसायला वर जागा नको? म्हणून तर लिफ्ट!"

"आत्ता बोललास," बुवा म्हणाले. "जागा किती पाहिजे?"

"चार इंच केलं तर ऐसपैस. दोनमध्ये बसेल, पण अंग चोरून."

"नाळ ओलांडल्यावर वाट कुठं झुकते?"

"...दरीकडं."

"उंट झुकला तर?"

फणसाच्या झाडावर एक खार चिरकत होती. धैर्यशीलनं एक टायर पायानं ढकलून पाहिला.

"दोन बसवून आण," बुवा म्हणाले आणि शेंगांची टरफलं गोळा करून उठले.

धैर्यशीलला राग आला. पण गुरूचा शब्द. त्यानं तालुक्याच्या गॅरेजात नेऊन दोन इंचांचे पाटे बसवले, नवे शॉकअप घातले, टायर चढवले. मनात एकच होतं. टायर घासेल, सगळ्यांना दिसेल, मग बुवाच म्हणतील, चार कर.

जीप मठाच्या अंगणात फरसबंदीवर उभी केली. त्यानं टायरच्या वर, पत्र्याखालच्या फटीत हात घातला. बोटं सहज फिरली.

त्याला जरा वाईटच वाटलं.

"बसलं की, बुवा. कुठं घासत नाही."

"अंगणात कोण कशाला घासेल?" बुवा म्हणाले. "इथं सगळेच साधू."

ते धुनीपाशी गेले. मूठभर राख घेऊन आले. लोक कपाळाला लावायला नेत असत ती धुनीची राख. बुवा जीपपुढं उकिडवे बसले आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्याला आतून राख फासू लागले. मग बंपरच्या टोकाला, आतल्या बाजूनं.

"बुवा! अंगारा आहे तो!"

"म्हणून तर खरं सांगेल. आता चढव तिला त्या खडकावर. एकच चाक. आणि वर गेलास की स्टेअरिंग पुरतं वळव."

मठाच्या दारापाशी गुडघ्याएवढा खडक होता. धैर्यशीलनं पुढचं डावं चाक त्यावर चढवलं. जीप एका अंगावर तिरकी झाली. पाटा दबला, चाक वर वर सरकत पत्र्याच्या पोटात शिरलं. त्यानं स्टेअरिंग वळवलं.

खर्रर्र.

तो उडी मारून खाली आला. चेहऱ्यावर आनंद लपत नव्हता.

"ऐकलंत? घासलं! म्हणून म्हणत होतो, चार इंच पाहिजे."

"टायर बघ."

काळ्याभोर टायरवर राखेचा एक पट्टा उमटला होता. अरुंद, बंपरच्या टोकाएवढा. बाकी टायर कोरा. पत्र्याची राख जागच्या जागी.

"चार केलंस, तरी एवढं ओझं पडल्यावर चाक कुठपर्यंत येईल?"

धैर्यशीलनं वाकून आत पाहिलं. चाकाच्या वर एक रबरी ठोकळा होता. चाक वर येतं ते त्याच्यापर्यंतच. पाटे दोन इंचांचे असोत की सहा इंचांचे, ठोकळा आपल्या जागेवरून हलत नव्हता.

"...इथंच येईल."

"म्हणजे घासेल?"

"घासेल."

"कुठं?"

"...इथंच. बंपरच्या टोकाला."

तो बंपर त्यानं स्वतः आखून, जाड लोखंडात घडवून घेतला होता. दोन्ही टोकं रानडुकराच्या सुळ्यांसारखी बाहेर आलेली. स्पर्धेत लोक त्या बंपरचे फोटो काढायचे.

बुवा आतून लोखंड कापायची करवत घेऊन आले आणि त्याच्या हातात दिली.

"बुवा... गॅरेजात मशीन आहे. दोन मिनिटांत होईल."

"दोन मिनिटांत झालं, तर तुला कळणारच नाही कापलं म्हणून."

उन्हं उतरेपर्यंत धैर्यशील कापत होता. बुवा टोक धरून समोर बसले होते. एक सुळा पडला, मग दुसरा. मग धैर्यशीलनं रबरी ठोकळ्याखाली जाड रबर बसवलं, जीप पुन्हा खडकावर चढवली, स्टेअरिंग पुरतं वळवलं.

आवाज आला नाही.

"बोडकी दिसते," धैर्यशील पुटपुटला.

"माझ्यासारखी," बुवा म्हणाले आणि आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

पुढच्याच आठवड्यात पहाटे मठातला फोन वाजला. सोनाबाईची सासू ठकूबाई वाड्याबाहेरच्या टेकावर येऊन ओरडत होती. टेकावरच तेवढी रेंज असायची.

"आरं ये लवकर, पाटला! पोरगी कळा देतीया!"

धैर्यशील निघाला. बुवा शेजारी येऊन बसले.

नाळेत तो गाडीतून उतरला नाही, वाकूनही बघितलं नाही. पहिल्या गिअरमध्ये हळूच घातली. दगड जीपखालून गेला. बुवांनी डोळे मिटले होते. झोपले होते की काय, कोण जाणे.

वाड्यावर ठकूबाई सुनेला धरून उभी होती. सोनाबाईनं जीपपाशी येऊन पाय उचलला. अर्ध्यावर गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला. ती दार धरून कण्हली.

टायर आणि पाटे मिळून जीप साडेतीन इंच वर गेली होती. दाराखालची पायरी धैर्यशीलनं पूर्वीच काढून टाकली होती. स्पर्धेत दगडाला लागते म्हणून.

"घोडं उंच केलंस, पाटला," ठकूबाई म्हणाली. "शिडी कुठाय?"

धैर्यशीलनं इकडं तिकडं पाहिलं. पाट नाही, खोका नाही. शेणामातीचं ओलं अंगण आणि दावणीच्या शेळ्या.

तो जीपच्या दारापाशी एका गुडघ्यावर बसला आणि दुसरी मांडी पुढं केली.

"ठेव पाय, ताई."

सोनाबाईनं सासूकडं पाहिलं.

"अवो, पाटलाच्या मांडीवर पाय कसा देऊ?"

"ठेव म्हणतो ना!"

"पायाला शेण हाय..."

"अगं बया, दे की पाय!" ठकूबाई ओरडली. "त्यो मांडी देतोय आन तू शेण बघतीयास!"

सोनाबाईनं त्याच्या खांद्याला धरलं, मांडीवर पाय दिला आणि वर चढली. मागनं ठकूबाईही तसाच पाय देऊन चढली. तिनं विचारलंसुद्धा नाही.

उतरताना वाट दरीकडं झुकली. जीप झुकली, पण चारही चाकं मातीला धरून राहिली. नाळेत आता आत माणसांचं ओझं होतं. पाटे दबले. चाक वर आलं. धैर्यशील त्या खर्रर्रची वाट बघत होता. कानावर फक्त सोनाबाईचं कण्हणं आणि तिच्या पाठीवर फिरणाऱ्या सासूच्या हातातल्या काकणांचा आवाज.

डांबरी रस्ता लागला.

दवाखान्यात सोनाबाईला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आता आमच्यावर सोडा." ठकूबाई भिंतीला टेकून बसली आणि कमरेची पानाची पिशवी सोडली.

धैर्यशील बाहेर जीपपाशी आला. बुवा टायरच्या खाचांत अडकलेले खडे काडीनं काढत होते.

धैर्यशीलला आता फार बरं वाटत होतं. त्यानं बॉनेटवर थाप मारली.

"बघितलंत बुवा? दोन इंच पुरले! बरं झालं सहा केले नाहीत. सहा असते तर ताईला चढताच आलं नसतं."

बुवांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"चढली असती."

"कशी? माझी मांडी पुरली नसती."

"नसती पुरली..."

"मग?"

बुवांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"पाठ द्यायला तुला पुरतं वाकावं लागलं असतं."