चौथी बखर

तिसरी बखरही फाटली! पहिली राणीने फाडली, दुसरी राजाने आणि तिसरी दोघांनी मिळून. एवढ्या एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत झाले.

करंजगडच्या गादीसाठी राजघराण्याची थोरली पाती आणि धाकटी पाती चौदा वर्षे लढली होती. शेवटी थोरल्या पातीचे धारराव गादीवर बसले आणि वैर मिटावे म्हणून त्यांनी धाकट्या पातीच्या चंपावतीशी लग्न केले. आता त्यांना त्या युद्धाची बखर हवी होती. अट अशी, की तीत एक शब्दही एकतर्फी नको आणि ती राजा-राणी दोघांनाही पटली पाहिजे!

"विसाजीपंत," धारराव म्हाताऱ्या लेखनिकावर गरजले, "आठ दिवसांत चौथी बखर आणा. नाहीतर राज्याची हद्द ओलांडा!"

पंतांची शाई घोटणारी भिवरा कोपऱ्यात खुदकन हसली.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. आठ कशाला? चार दिवस पुरेत. फक्त आपल्याला आणि राणीसाहेबांना एकेक प्रश्न विचारू द्या. उत्तर पंत जसंच्या तसं उतरवतील."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पंतांच्या मागोमाग मीही निघाले, खलबत्ता डोक्यावर घेऊन!"

दुसऱ्या दिवशी तिने राजाला विचारले, "महाराज, कवठीच्या लढाईत राणीसाहेबांचे काका हंबीरराव आपल्याला बघूनच पळाले म्हणे. खरं का?"

"पळाले?" धारराव ताडकन उठले. "तीनशे माणसांनिशी दिवसभर नदीचा उतार अडवून धरला त्यांनी! घोडा पडला तर पायी लढले. पळपुट्याला हरवून मी राजा झालो की काय? हा बघ दंडावरचा वार!"

पंतांचा बोरू कुरकुरला.

मग ती पंतांना घेऊन राणीकडे गेली. "राणीसाहेब, तुमचे काका एका नवशिक्याकडून हरले म्हणे. खरं का?"

"नवशिका?" चंपावती भडकली. "माझे काका असल्यातसल्याकडून हरत नसतात! भर पुरात सर्वांच्या पुढे पोहत आली स्वारी. आणि काका जखमी होऊन पडले, तेव्हा स्वतःचा शेला फाडून बांधला यांनी!"

चौथ्या दिवशी दरबारात बखर वाचली गेली. हंबीररावांचे वर्णन येताच राजा ओरडला, "थांबा! शत्रूची एवढी तारीफ? कुणी सांगितलं हे?"

"आपणच, महाराज."

"आणि यांचं एवढं कौतुक कुणी केलं?" राणीने विचारले.

"आपणच, राणीसाहेब," भिवरा म्हणाली. "दोन्ही बाजूंचं शौर्य समोरच्याच्याच तोंडचं आहे. आता जो ही बखर फाडेल, तो स्वतःचाच शब्द फाडेल!"

राजा मिशीत हसला. पण लगेच डोळे बारीक करून म्हणाला, "लढाईच्या पहिल्या दिवशी आम्ही पळालो होतो. ते कुठं आहे यात?"

"शेवटची दोन पानं कोरी ठेवलीत, महाराज. शौर्य दुसऱ्याचं सांगायचं, चुका मात्र ज्याच्या त्यानं!"

पंतांनी बोरू शाईत बुडवला.

"लिहा पंत," राजा पुटपुटला. "पहिल्या दिवशी आम्ही चुली पेटत्या सोडून पळालो."

"आणि आम्ही," राणी मान खाली घालून म्हणाली, "पाठलाग सोडून तो तयार स्वयंपाक जेवत बसलो!"

"अगं, म्हणूनच परत फिरून जिंकलो मी!" धारराव इतके हसले, की मुकुट घरंगळून मांडीवर आला. तो सावरत त्यांनी पंतांची चाकरी जन्मभरासाठी कायम केली आणि भिवराला कवठीच्या उतारावरची जमीन इनाम दिली.