पडद्याची थरथर

एकाच डोळ्यानं तुम्हाला कधी दोन चंद्र दिसलेत का?

कोंडाबाईंना दिसत होते. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. धार काढताना राहिलेल्या डाव्या डोळ्याला म्हशीचं शिंग लागलं आणि तेव्हापासून आभाळात दोन चंद्र.

"सून म्हणते, आत्याबाई, तुम्हाला सगळंच दुप्पट लागतं," असं सांगून त्या स्वतःच हसल्या.

आश्रमातल्या नेत्रशिबिरात तरुण डॉक्टर निनादनं त्यांना तपासलं. हात कुशल, पण घाई फार. रांगेत बसल्या बसल्याच सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, ही त्याची रीत.

"साधा मोतीबिंदू आहे, बाई. उद्या सकाळी काढतो," तो डॉक्टर धारपबाईंना म्हणाला. डोळ्यांचं काम तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

"मार लागलेला डोळा आहे, निनाद."

"पाहिला की. बाहुली पूर्ण मोठी करून पाहिला."

"म्हणूनच..."

बाईंनी थेंबांची बाटली त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकली.

"थेंब उतरू दे. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी बाहुली पुन्हा लहान झाली. बाईंनी विजेरी निनादच्या हातात दिली.

"कोंडाबाई, दाराकडे बघा. आता माझ्याकडे."

डोळा वळला, थांबला. पण बाहुलीभोवतीचा तपकिरी पडदा थांबला नाही. घागर टेकवल्यावर आतलं पाणी हलत राहावं, तसा थरथरत राहिला.

निनादनं पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

"पडद्याला मागून आधारच नाही... आतलं भिंग जागचं सुटलंय, म्हणून दोन चंद्र. उद्या मी हात लावला असता, तर ते डोळ्याच्या तळाशी गेलं असतं."

बाईंनी त्याच्या हातातली विजेरी विझवली.

"पण सकाळी एवढं उघडून पाहिलं, तेव्हा का नाही दिसलं?"

"थेंब घालून पडदा सगळा बाजूला सारलास. मग त्याची थरथर कुठून दिसणार?"

कोंडाबाई घाबरल्या. "हाही डोळा जातोय का हो, डाक्टरीणबाई?"

"नाही जात. मोठ्या दवाखान्यात सुटलेलं भिंग काढतील, नवं आत टाक्यानं बसवतील. मग चंद्र एकच."

"एक पुरे."

निनाद खाली बघत होता. "म्हणजे आपण इथं काहीच करायचं नाही?"

"केलं की आत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई गाडीत बसून मोठ्या दवाखान्यात गेल्या. निनादनं रांगेतल्या प्रत्येकाचा डोळा आधी विजेरीनं पाहिला आणि मग बाईंकडे बाटली मागितली.