गुऱ्हाळावरचा जाळ

फार जुनी गोष्ट आहे. एक माणूस काम शोधून शोधून पार थकला होता. काम करण्यापेक्षा काम मागणं जड असतं, हे ज्याला दारोदार फिरावं लागलं त्यालाच कळतं. कुणी म्हणे पुढच्या हंगामात ये, कुणी म्हणे तुझ्यासारखे छप्पन्न येऊन गेले. घरी चूल कशीबशी एकदा पेटायची. आज काही जमलं नाही तर बायको-लेकरांना सासुरवाडीला पोचवून यायचं, असं ठरवूनच तो निघाला होता.

दुपारी तो एका गुऱ्हाळावर पोचला. तिथे जाळ घालायला माणूस हवा होता. वर काहिलीत उसाचा रस उकळतो, खाली चुलवाणात वाळकी चिपाडं सारायची, एवढंच काम. पण त्या जागेसाठी एक चटपटीत गडी आधीच आला होता आणि सकाळची काहील त्याच्या जाळावर झाली होती. गूळ काळा निघाला होता. मालक त्यावरून म्हाताऱ्या गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याला, सगळ्यांदेखत बोलत होता. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. अशा वेळी बोलून तरी काय होतं म्हणा!

दुसरी काहील मालकाने या नव्याने आलेल्या माणसाकडे दिली. म्हणाला, बघू दोघांत कोण बरा ते.

पाक होत आला तसं गुळव्याने सांगितलं, "आता चिपाड घालू नकोस. नुसता निखारा पुरे." आणि तो गूळ ओतायची जागा पुसायला पलीकडे गेला.

माणूस चुलवाणाच्या तोंडाशी बसून राहिला. पोटात अन्न नाही, पायांत त्राण नाही. ऊब लागली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. हात मात्र सवयीने चालतच राहिला आणि चिपाडांचा एक भारा आत गेला. भडका उडाला तसा तो दचकून जागा झाला.

वर कुणाला काही दिसलं नव्हतं. शेजारी बसलेला तो गडी तेवढा हळूच म्हणाला, "गप बस. पाक करपला तर गुळव्याच्या अंगावर येतं. सकाळी मी तेच केलं."

खोटं नव्हतं ते. गप्प बसलं की काम मिळणार होतं. त्याला लेकरं आठवली. पण म्हाताऱ्याची ती खाली गेलेली मानही डोळ्यांपुढून हलेना.

"बाबा, लवकर या!" त्याने हाक दिली. "माझ्या हातून जाळ वाढला."

गुळव्या धावत आला. चिपाडं ओढून काढली, सगळ्यांनी मिळून काहील उतरवली. पाक करपला नाही, गूळ जरा लालसर झाला इतकंच. तरी मालक भडकला आणि वाटेला लाग म्हणाला. माणसाने आपलं गाठोडं उचललं. हे ऐकायची आता सवयच झाली होती त्याला.

"याला ठेवा, मालक," गुळव्या म्हणाला.

"अहो, याने तर चूक केली. सकाळच्या गड्याने काय वाईट केलं?" मालक म्हणाला.

"सकाळीही जाळच वाढला होता. तेव्हा मला कुणी हाक मारली नाही."

मालकाने वळून बघितलं, तर तो चटपटीत गडी धोतर झटकत उठला होता.

माणसाला काम मिळालं. आनंद करण्याइतकं बळ काही उरलं नव्हतं. गुळव्याने दिलेली भाकरी खाऊन तो तिथेच आडवा झाला.

तात्पर्य काय, तर चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण चुकलं की जो वेळेत हाक मारतो, त्याच्याच भरवशावर माणसं काम सोपवतात.