तांदळावरची सुपारी

एकदा एक विद्यार्थिनी शिक्षण सोडण्याचा निश्चय करून समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आपल्या वृद्ध बाईंकडे गेली. वय चाळिशीचं. गॅस एजन्सीतली नोकरी सांभाळून समाजशास्त्राच्या एम.ए.ला बसलेली. आदल्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "एजन्सी म्हणजे काय?" हिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि सिलिंडरची नोंदणी कशी होते ते सांगितलं. वर्ग पोट धरून हसला.

"नाव काढून घेते, बाई. रोजच्या तोंडातला शब्द, तोसुद्धा मला येत नाही!"

बाईंनी नुकतीच पूजा मांडली होती. त्यांनी अडकित्ता तिच्यापुढे सरकवला.

"रड नंतर. आधी पाटावरची ती सुपारी कातर, पान खाऊ."

ती दचकली. "बाई, तो गणपती आहे! गणपतीला अडकित्ता लावू?"

"कसला गणपती? सकाळी डब्यात होती. वाण्यानं पुडीत बांधून दिलेली."

"असेना! आता तांदळावर मांडलीत, आवाहन केलंत. उत्तरपूजा होईपर्यंत तो गणपतीच."

"आणि त्यानंतर?"

"मग पुन्हा सुपारी."

"एवढं कळतं, आणि म्हणे शब्द येत नाही!" बाई कडाडल्या. "अगं, शास्त्रकार तरी दुसरं काय करतात? बाजारातलाच शब्द उचलतात, आपल्या प्रश्नांवर मांडतात आणि त्यात मोठ्या अर्थाचं आवाहन करतात. परिस्थितीनं चहूबाजूंनी दाबलेल्या माणसातही स्वतः ठरवण्याचं, करण्याचं बळ उरतं का? किती उरतं? पंडितांच्या पिढ्या यावर भांडल्या. ते सगळं त्या एवढ्याशा शब्दात येऊन बसलंय. तू पाटावरची सुपारी डब्यातली समजलीस, इतकंच. आणि हसणारे काय आईच्या पोटातून शिकून आले होते? त्यांनाही कुणीतरी पाट दाखवलाच ना!"

दिवसभर फोनवर आपण जो शब्द उच्चारतो, त्यात असं काही येऊन राहू शकतं? तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. पॉवर, बॉडी, स्पेस... सगळे ओळखीचे. पण आज प्रत्येकासमोर कुणीतरी हात जोडून बसलेलं तिला दिसलं. शब्दावर टेकवलेलं बोट तिनं नकळत मागे घेतलं.

"मग? नाव काढायचं ना?" बाईंनी विचारलं.

तिनं ऐकलंच नाही. "बाई," ती हलकेच म्हणाली, "हा शब्द इथं पहिल्यांदा मांडला कुणी?"

बाईंनी चष्मा पुसला आणि तिच्या शेजारी सरकून बसल्या.